घरपट्टीच्या मतावर उभी राहिलेली रुग्णालये

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट शहरात घर असलेल्या मराठी माणसाकडे मालमत्ता कराचे बिल मागून पाहा. १० डिसेंबर आणि १० एप्रिल या दोन तारखांच्या आत भरायचे हे बिल. वर एक टक्क्याचा मूळ कर, खाली मतदारांनी मंजूर केलेल्या कर्जांच्या बारीक ओळी: शाळा, कॉलेज, उद्याने. त्यातच एक ओळ वॉशिंग्टन रुग्णालयाची. राजधानीच्या वॉशिंग्टनशी तिचा संबंध नाही. अलामेडा काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) या भागाचे जुने नाव वॉशिंग्टन टाउनशिप, आणि गावांनी मिळून काढलेल्या रुग्णालयाला तेच नाव राहिले.

आपल्याकडे घरपट्टी महापालिका किंवा ग्रामपंचायत ठरवते. वाढली की आपण कुरकुरतो आणि भरतो. घरपट्टी वाढवून दवाखाना बांधायचा का, असा प्रश्न मतपत्रिकेवर कुणी आपल्याला विचारलेला नाही. कॅलिफोर्नियात तो विचारला जातो, आणि ‘हो’ म्हणणारे निम्म्याहून जास्त असले तरी भागत नाही. तीनांतले दोन लागतात.

या पद्धतीचे मूळ दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी आहे. शहरांबाहेर वस्ती वाढत होती, खाटा मात्र नव्हत्या. १९४५ साली कॅलिफोर्नियाने स्थानिक रुग्णालय जिल्ह्यांचा कायदा केला. आजूबाजूच्या गावांनी मिळून आपला एक ‘जिल्हा’ आखायचा, त्याचे संचालक मंडळ मतदानाने निवडायचे आणि त्या मंडळाने मालमत्ता कर लावून रुग्णालय बांधायचे, अशी ती योजना. हा जिल्हा आपल्या कलेक्टरच्या जिल्ह्यासारखा नसतो. तो एकाच कामापुरता असतो, जसा एखादा पाणीपुरवठा संघ. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारच्या हिल-बर्टन कायद्याने बांधकामाला अनुदान मिळू लागले. त्यात स्थानिक वाटा स्वतः उभा करावा लागे आणि कर लावण्याचा अधिकार असलेल्या जिल्ह्याला ते सोपे होते. आज राज्यात असे ७५ हून अधिक जिल्हे आहेत, पण त्यांतल्या बऱ्याच जणांकडे आता स्वतःचे रुग्णालय उरलेले नाही.

वॉशिंग्टन टाउनशिपचा जिल्हा १९४८ मध्ये स्थापन झाला. रुग्णालय सुरू व्हायला १९५८ उजाडले, खाटा १५०. मधल्या काळात, १९५६ साली, पाच गावे एकत्र येऊन फ्रीमाँट शहर झाले होते. म्हणजे या रुग्णालयाचा जिल्हा शहरापेक्षा वयाने मोठा आहे. फ्रीमाँट, न्यूआर्क आणि युनियन सिटी ही त्यातली मुख्य शहरे.

मग भूकंप आला. ९ फेब्रुवारी १९७१ रोजी पहाटे लॉस एंजेलिसच्या उत्तरेला सॅन फर्नांडो खोरे हादरले. माजी सैनिकांच्या जुन्या रुग्णालयाच्या इमारती कोसळून चाळीसहून अधिक लोक तिथेच गेले. त्याहून मोठा धक्का ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालयाने दिला. ती इमारत जुनी नव्हती. नुकतीच बांधून झालेली, त्या काळच्या नियमांत बसणारी, आणि तरी इतकी मोडली की पाडावी लागली. जखमींना जिथे न्यायचे तीच इमारत आडवी. या अनुभवातून १९७३ चा ऑल्क्विस्ट कायदा आला: नवे रुग्णालय भूकंपानंतर नुसते उभे राहून चालणार नाही, चालू राहिले पाहिजे. जुन्या इमारतींना त्या वेळी सूट मिळाली. १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपानंतर ती सूटही गेली. इमारत कोसळू नये याची पहिली मुदत २००८ (ती पुढे वाढत गेली) आणि भूकंपानंतरही सेवा चालू राहावी याची अंतिम मुदत २०३०. या हुकमासोबत सरकारने पैसे मात्र दिले नाहीत.

आणि पैसे उभे करण्याची वाट तोवर अरुंद झाली होती. सत्तरच्या दशकात घरांच्या किमती भडकल्या, त्यासोबत कर भडकला, आणि पेन्शनवर जगणाऱ्यांना स्वतःचे घर परवडेना. ६ जून १९७८ रोजी मतदारांनी ‘प्रपोझिशन १३’ हा राज्यभर मतदानाला आलेला ठराव मंजूर केला. कर घराच्या नोंदलेल्या किमतीच्या एक टक्क्यावर बांधला गेला. ती किंमत १९७५-७६ च्या पातळीवर मागे नेली, वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्के वाढणार आणि घर विकले गेले तरच बाजारभावावर येणार. मालमत्ता कराचे उत्पन्न एका फटक्यात निम्म्याहून अधिक घटले. मतदारांच्या मंजुरीने नवे कर्जरोखे काढून त्यासाठी जादा कर लावण्याची वाटही बंद झाली. ती १९८६ साली ‘प्रपोझिशन ४६’ने पुन्हा उघडली, पण दोन तृतीयांश मतांच्या अटीवर आणि फक्त जमीन व बांधकामासाठी. नर्सचा पगार त्या पैशातून देता येत नाही.

ही दोन तृतीयांशांची अट प्रपोझिशन १३ ची उपज आहे असा समज पुष्कळांचा असतो. खरे तर गावांच्या कर्जांसाठी ती राज्याच्या १८७९ च्या घटनेतच आहे. शाळांनी २००० साली तिच्यातून स्वतःची सुटका करून घेतली, त्यांना आता ५५ टक्के पुरतात. रुग्णालये मागेच राहिली. सिमेंटचा तोच खर्च, भूकंपाचा तोच धोका, तरी वर्गाला एक माप आणि शस्त्रक्रियागृहाला दुसरे. या भेदाचे पटेल असे कारण मला सापडलेले नाही.

तरीही काही जिल्ह्यांनी ही अट ओलांडली. सॅन डिएगो काउंटीत पालोमारने २००४ मध्ये ४९.६ कोटी डॉलर मंजूर करून घेतले, मरीनने २०१३ मध्ये ३९.४ कोटी. फ्रीमाँटकरांनी २००४ मध्ये १९ कोटी, २०१२ मध्ये १८.६ कोटी आणि २०२० मध्ये, महामारी चालू असताना, ४२.५ कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना होकार दिला. अतिदक्षता विभाग आणि मोठा आपत्कालीन विभाग असलेली नवी इमारत २०१८ मध्ये सुरू झाली.

आता बिलावरच्या त्या ओळीकडे परत येऊ. कर्जरोख्यांचा कर नोंदलेल्या किमतीवर बसतो. त्यामुळे एकाच गल्लीत, एकाच नकाशाच्या दोन घरांपैकी १९८० मध्ये घेतलेले घर किरकोळ रक्कम भरते आणि गेल्या वर्षी घेतलेले त्याच्या कित्येक पट. नवे घर घेणाऱ्यांत आपले पुण्या-मुंबईकडचे इंजिनिअर भरपूर. त्यांतले अनेक एच-१बी व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर, आणि अमेरिकेचे नागरिकत्व नसेल तर मत नाही. म्हणजे सगळ्यात जास्त भरणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना विचारलेच जात नाही. उलट भाडेकरूला बिल येत नाही, पण नागरिक असेल तर मत आहे. रात्री दोन वाजता लेकराला घेऊन आपत्कालीन विभागात धावणाऱ्याला या हिशेबाशी काही देणेघेणे नसते, हेही खरे.

फ्रीमाँटहून तासाभराच्या अंतरावर, सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या त्याच पूर्व काठाने उत्तरेला, सॅन पाब्लोत वेगळे घडले. तिथले रुग्णालय १९५४ चे, जिल्ह्याच्याच मालकीचे, पुढे डॉक्टर्स मेडिकल सेंटर या नावाने चाललेले. वस्ती कामगारांची. बहुतेक रुग्ण ज्येष्ठांसाठीच्या मेडिकेअर किंवा गरिबांसाठीच्या मेडि-कॅल योजनेतले, आणि मेडि-कॅल उपचाराच्या खर्चापेक्षा कमी पैसे देते. तूट वाढत गेली, २००६ मध्ये जिल्ह्याने दिवाळखोरी जाहीर केली. चालू खर्चासाठी कर्जरोखे चालत नाहीत, म्हणून घराच्या किमतीशी न जोडलेला, दर मालमत्तेमागे ठरावीक रकमेचा ‘पार्सल टॅक्स’ लावला गेला. मतदारांनी तो दोनदा मान्य केला. ऑगस्ट २०१२ मध्ये शेजारच्या रिचमंडमधल्या तेलशुद्धीकरण कारखान्याला आग लागली तेव्हा परिसरातले सुमारे १५,००० लोक उपचारासाठी धावले, आणि त्यांतला मोठा भार याच रुग्णालयाने उचलला.

मे २०१४ मध्ये पुन्हा पार्सल टॅक्सचे मतदान झाले. ‘हो’ला निम्म्याहून थोडी जास्त मते पडली. दोन तृतीयांश भरली नाहीत. (५५ टक्क्यांची अट असती तरी ठराव बहुधा पडलाच असता, हे मान्य करावे लागते.) एप्रिल २०१५ मध्ये रुग्णालय बंद झाले आणि रुग्णवाहिका रिचमंडच्या लहान आपत्कालीन विभागाकडे किंवा दूर मार्टिनेझला काउंटीच्या रुग्णालयाकडे वळल्या.

नोव्हेंबर २०२४ मध्ये घरबांधणी आणि सार्वजनिक सुविधांच्या स्थानिक कर्जरोख्यांसाठीही ५५ टक्के पुरावेत, असे ‘प्रपोझिशन ५’ राज्यभर मतदानाला आले. ते मंजूर व्हायला साधे बहुमत पुरेसे होते. तेवढेही मिळाले नाही.