राफेल आणि राफेल-एम: एकाला धावपट्टी, दुसऱ्याला डेक

हवाई दलाकडे ३६ राफेल आहेत. मग एप्रिल २०२५मध्ये नौदलासाठी आणखी २६ राफेलचा सुमारे ६३ हजार कोटींचा करार कशाला, आहेत तीच विमानं समुद्रावर धाडता आली नसती का, असं बरेच जण विचारतात. यात दोन प्रश्नांची गल्लत होते. एक प्रश्न विमानाचा आहे आणि दुसरा ते कुठून उडतं याचा.

विमानापुरतं बोलायचं तर हवाई दलाचं राफेल आणि नौदलाचं राफेल-एम, दोन्हींचं इंजिन आणि रडार तेच. खरा फरक उतरण्यात आहे. अंबाल्याच्या धावपट्टीवर वैमानिक शेवटच्या क्षणी नाक उचलतो, वेग कमी करतो आणि चाकं अलगद टेकवतो. ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेच्या डेकवर त्याला जागाच नाही. तिथे विमान सरळ आदळतं, शेपटीखालचा हूक तीन पोलादी तारांपैकी एकीत अडकतो आणि दोन-तीन सेकंदांत ते थांबतं. चाकं टेकताच वैमानिक इंजिन पूर्ण जोरावर नेतो, कारण तार हुकली तर त्याच दमात पुन्हा हवेत जावं लागतं. हे हिसके सोसण्यासाठी राफेल-एमचं पुढचं चाक आणि सांगाडा जास्त भक्कम केलाय, त्यापायी वजन सुमारे अर्धा टन वाढलंय. शिवाय ‘विक्रांत’वर विमान भिरकावणारी कॅटापल्ट नाही. १४ अंशांच्या चढावरून स्वतःच्याच ताकदीवर झेपावायचं, म्हणजे इंधन आणि शस्त्रं बेतानं न्यायची. हे जमतं का, ते जानेवारी २०२२मध्ये गोव्यात आयएनएस हंसा या नौदलाच्या हवाई तळावर, जमिनीवरच बांधलेल्या तशा चढावरून तपासलं गेलं. विमानाशी विमान ताडलं तर जमिनीवरचंच सरस, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं.

हेलिकॉप्टरला धावपट्टी लागत नाही, म्हणून तिथे फरक नसेल असं वाटतं. पण नौदलाच्या एमएच-६०आरची पाती आणि शेपूट दुमडतात, कारण त्याला युद्धनौकेच्या छोट्या हँगरमध्ये मावायचं असतं.

आता दुसरा प्रश्न. त्यासाठी ब्रिटन आणि अर्जेंटिनाचं १९८२चं फॉकलंड बेटांवरचं युद्ध पाहावं. ब्रिटनचा सर्वांत जवळचा हवाई तळ असेन्शन बेटावर, सहा हजार किलोमीटरहून दूर. तिथून एका व्हल्कन बाँबरला पोहोचवण्यासाठी हवेतच इंधन पुरवणारी अकरा टँकर विमानं लागली आणि २१ बाँबपैकी एकच धावपट्टीवर पडला. उलट ‘हर्मिस’ आणि ‘इन्व्हिन्सिबल’ या विमानवाहू नौकांवरच्या सी हॅरिअर लढाऊ विमानांनी हवाई लढतीत स्वतःचं एकही विमान न गमावता सुमारे वीस विमानं पाडली. हीच ‘हर्मिस’ १९८७मध्ये आपली ‘विराट’ झाली.

पण त्याच युद्धाची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. अर्जेंटिनाची विमानं मुख्य भूमीवरून यायची, लक्ष्यावर त्यांना जेमतेम काही मिनिटं मिळायची, तरीही त्यांनी ‘शेफील्ड’सकट अनेक ब्रिटिश जहाजं बुडवली. त्यांची स्वतःची विमानवाहू नौका मात्र, ब्रिटिश पाणबुडीने अर्जेंटिनाची ‘बेलग्रानो’ ही युद्धनौका बुडवल्यावर, बंदरात परतली ती युद्ध संपेपर्यंत पुन्हा बाहेर पडलीच नाही.

म्हणून तंजावरहून ब्रह्मोस घेऊन उडणारी सुखोई-३० कमी लेखू नयेत. बंगालच्या उपसागरात किंवा कराचीच्या अंगाला किनाऱ्यावरची विमानं पुरेशी घातक आहेत, आणि हवाई तळ बुडत नाही. अडचण १५०० किलोमीटरपलीकडे सुरू होते. तिथे पोहोचायलाच दीड तासाहून अधिक लागतो. आपल्या युद्धनौकांच्या ताफ्यावर दोन विमानं सतत घिरट्या घालत ठेवायची तर काही जाणारी, काही परतणारी, काही दुरुस्तीत अशी कितीतरी गुंतून पडतात, शिवाय टँकर वेगळे. शत्रूचं विमान अचानक उगवलं तर मदत पोहोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. खोल हिंदी महासागरात ताफा पाठवायचा असेल तर डेकवरच्या विमानाला, ते कमी वजन उचलत असलं तरी, पर्याय नाही.

तेव्हाचे संरक्षण दलप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी २०२०मध्ये तिसऱ्या विमानवाहू नौकेपेक्षा पाणबुड्यांना अग्रक्रम द्यावा असं म्हटलं, तेव्हा नौदलप्रेमी नाराज झाले. मला ते म्हणणं पटतं. हातातल्या दोन नौकांना पुरेशी विमानं आणि पाणबुड्यांपासून राखण नसेल, तर तिसरी नौका अर्जेंटिनाच्या नौकेसारखी बंदरातच अडकून पडेल.