ऑटोमॅटिक मसल कारमधील कॅमशाफ्ट आणि टॉर्क कन्व्हर्टर : एका जोडनिर्णयाची पार्श्वभूमी

जुन्या अमेरिकन व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) गाडीत मोठा कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा दांडा, बसवायचा आणि गाडी ऑटोमॅटिक असेल, तर टॉर्क कन्व्हर्टरही (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधला, तेलातून शक्ती पोचवणारा भाग) बदलावा लागतो, हे आज या छंदातला नवशिक्याही ऐकून असतो. हा नियम हौशी मंडळींनी गॅरेजमध्ये शोधून काढला, हा समज मात्र खरा नाही. १९६०च्या दशकात कारखान्यांनी स्वतःच कॅम आणि कन्व्हर्टर यांची जोडी जुळवून पाहिली होती, काही गाड्यांत ती फार चांगली जुळली होती, आणि पुढे काही खर्चापोटी व काही कायद्यापोटी ती मोडली गेली. आज जे सुटे भाग जोडीने विकले जातात, त्यांतले बरेचसे त्या मोडलेल्या जोडीची भरपाई करतात.

द्रवाच्या साहाय्याने शक्ती पोचवण्याच्या कल्पनेचे पेटंट १९०५ साली जर्मनीत, जहाजांच्या टर्बाइनसाठी घेतले गेले. मोटारीत ती १९४०च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिलमधील हायड्रामॅटिकमुळे लोकप्रिय झाली; परंतु त्या गिअरबॉक्समध्ये नुसते फ्लुइड कपलिंग (तेलातून शक्ती पोचवणारी जोड) होते आणि स्टेटर, म्हणजे परतणाऱ्या तेलाला वळण देणारे मधले पात्यांचे चक्र, नसल्यामुळे टॉर्क वाढत नव्हता. स्टेटर असलेला खरा टॉर्क कन्व्हर्टर १९४८ मध्ये ब्युइकच्या डायनाफ्लोमधून आणि १९५० मध्ये शेव्हरोलेच्या पॉवरग्लाइडमधून सर्वसाधारण ग्राहकापर्यंत पोचला. (भारतात ऑटोमॅटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक लहान गाड्यांत एएमटी (स्वतः गिअर बदलणारा साधा गिअरबॉक्स) असतो. त्यात क्लच साधाच असतो, कन्व्हर्टर नसतो, त्यामुळे पुढील विवेचन त्यांना लागू होत नाही.) पॉवरग्लाइडला दोनच गिअर होते, आणि पहिल्याचे गुणोत्तर व्ही-८ गाड्यांत १.७६ किंवा १.८२ असे उंच (चाकांना कमी टॉर्क देणारे) होते. गाडी जागेवरून हलवण्याचे बरेचसे काम कन्व्हर्टरवरच सोपवलेले होते.

मसल कारचा, म्हणजे बेताच्या आकारात मोठे इंजिन बसवलेल्या अमेरिकन गाड्यांचा, काळ साधारणपणे १९६४च्या पॉन्टिअ‍ॅक जीटीओपासून मोजतात. त्या गाडीत ऑटोमॅटिक मागणाऱ्याच्या पदरात दोन गिअरचाच गिअरबॉक्स पडे. तीन गिअरचा टर्बो-हायड्रामॅटिक ४०० जीटीओला १९६७ मध्ये मिळाला. तोवर एक अलिखित वाटणी झाली होती : मोठे कॅम मॅन्युअल गाड्यांना, बेताचे कॅम ऑटोमॅटिकला. शेव्हरोले कॅमॅरोची झेड/२८ ही या वाटणीची ठळक खूण होय. १९६७ ते १९६९ या काळातील तिच्या ३०२ घनइंची इंजिनात टॅपेट (कॅमवर टेकून व्हॉल्व्ह हलवणारा भाग) ०.०५० इंच उचलल्यापासून मोजलेले ड्युरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ, २५४ अंश होते, आणि त्या गाडीला ऑटोमॅटिक मिळतच नसे. १९७० मध्ये ते प्रथमच देऊ केले गेले, तेव्हा इंजिन ३५० घनइंचांचे झाले होते आणि कॅमचे इनटेक ड्युरेशन २४२ अंशांवर आले होते. मोठे इंजिन आणि सौम्य इनटेक लोब (कॅमवरचा व्हॉल्व्ह उघडणारा उंचवटा) यांमुळे खालच्या फेऱ्यांवर (कमी आरपीएमला) टॉर्क मिळाला आणि टर्बो ४०० (टर्बो-हायड्रामॅटिक ४००) खपून गेला.

या वाटणीमागचे कारण साधे होते. ड्युरेशन वाढले आणि लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्ट लोबमधील कोन) तसेच राहिले किंवा कमी झाले, की दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ, म्हणजे ओव्हरलॅप, वाढतो. वरच्या फेऱ्यांवर त्याचा फायदा होतो. मात्र ८०० आरपीएमला जळालेला वायू उलटा इनटेकमध्ये शिरतो, मिश्रण पातळ होते, इनटेकमधला व्हॅक्यूम (हवेचा ओढा) घसरतो आणि टॉर्कही घसरतो. मॅन्युअल गाडीचा चालक क्लच दाबून धरतो, रेस देतो आणि वेळ निभावून नेतो. ऑटोमॅटिकमध्ये ‘डी’ टाकताक्षणी कन्व्हर्टर इंजिनावर ओझे टाकतो, आणि हे ओझे फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, गाडी बंद पडू नये म्हणून आयडलिंग वाढवले की ओझे त्याहून वेगाने वाढते. सिग्नलला ब्रेकवर पाय रेटून उभे राहावे लागते; आणि व्हॅक्यूम कमी झाल्यामुळे ब्रेक बूस्टर नेमका त्याच वेळी दुबळा झालेला असतो.

व्हॅक्यूमचा आणखी एक परिणाम आहे आणि तो पुष्कळदा दुर्लक्षिला जातो. टर्बो ३५०, टर्बो ४०० तसेच फोर्डचे सी४ आणि सी६ या गिअरबॉक्सना इंजिनावर किती भार आहे हे एका व्हॅक्यूम मॉड्युलेटरमधून कळते. गिअरबॉक्सच्या अंगाला बसवलेली ही पत्र्याची छोटी गोल डबी एका बारीक नळीने इनटेक मॅनिफोल्डला जोडलेली असते. व्हॅक्यूम भरपूर असेल तर पाय हलका आहे, कमी असेल तर पाय खाली आहे, एवढेच तिला समजते. मोठा कॅम बसवल्यावर तिला सतत वाटत राहते की चालकाने थ्रॉटल दाबलेला आहे. परिणामी गिअर उशिरा आणि धक्का देऊन बदलतात. मालक गिअरबॉक्स बिघडला असे समजून तो उतरवतो, आणि खरा दोष डबीच्या तोंडातील बारीक स्क्रू फिरवून पुष्कळसा सुटणारा असतो. डबीतला पडदा फाटला असेल तर गिअरबॉक्सचे तेल नळीतून इंजिनात ओढले जाते आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, ही गोष्ट वेगळी. क्रायस्लरच्या टॉर्कफ्लाइटमध्ये या कामासाठी थ्रॉटलला जोडलेली दांडी असते, त्यामुळे कॅम बदलणारे मोपारवाले (क्रायस्लर गाड्यांचे हौशी) या एका त्रासातून वाचले.

कारखान्यांनी यावर दोन वाटा काढल्या. क्रायस्लरने सरळ वाट धरली : ४२६ हेमी आणि ३४० या जोमदार इंजिनांमागे नेहमीच्या ११.७५ इंचांऐवजी १०.७५ इंच व्यासाचा कन्व्हर्टर बसवला. कन्व्हर्टरची टॉर्क पेलण्याची ताकद व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात बदलते. म्हणून एका इंचाचा फरक कागदावर किरकोळ दिसला, तरी ताकद सुमारे एक तृतीयांशाने कमी होते आणि इंजिनाला वरच्या फेऱ्यांपर्यंत मोकळीक मिळते.

दुसरी वाट अधिक चतुर होती. १९६५ ते १९६७ या तीन वर्षांत जनरल मोटर्सच्या ब्युइक, ओल्ड्समोबिल आणि कॅडिलॅकच्या टर्बो ४०० मध्ये स्टेटरच्या पात्यांचा कोन बदलणारा कन्व्हर्टर होता. याच गाड्यांपैकी पहिल्या दोहोंच्या दोन-गिअरी गिअरबॉक्समध्ये तो त्याआधी वर्षभर आला होता. छंदात त्याला ‘स्विच-पिच’ म्हणतात. एका विजेच्या सोलेनॉइडने तेलाचा दाब वळवला की पाती एका कोनातून दुसऱ्या कोनात जात. थ्रॉटल पूर्ण दाबल्यावर आणि टर्बो ४०० मध्ये गाडी उभी असतानाही मोठा कोन मिळे. पहिल्या वेळी इंजिन चटकन वर चढे आणि दुसऱ्या वेळी ‘डी’मध्ये गाडीचे पुढे सरकणे कमी होई. महामार्गावर लहान कोन लागे आणि घसरण घटे. एकाच कन्व्हर्टरमध्ये ढिला आणि घट्ट असे दोन स्वभाव होते. मोठ्या कॅमला नेमके हेच हवे असते.

१९६८च्या मॉडेलपासून ही रचना बंद झाली, आणि त्या निर्णयावर अजूनही वाद होतो. समर्थक म्हणतात की स्थिर पात्यांचा कन्व्हर्टर स्वस्त होता, त्यात बिघडण्यासारखे कमी होते, आणि ४०० घनइंचांच्या पुढची इंजिने हाताशी असताना खालच्या टॉर्कची चणचण उरलीच नव्हती. रस्त्यावरच्या सामान्य ग्राहकापुरते हे खरे आहे. पण याच निर्णयामुळे ऑटोमॅटिक गाड्यांचे कॅम पुढेही बेताचेच राहिले, हेही तितकेच खरे आहे. शेव्हरोले आणि पॉन्टिअ‍ॅक या जनरल मोटर्सच्याच ज्या दोन खात्यांच्या गाड्यांवर कॅम बदलण्याची हौस सर्वांत जास्त भागवली गेली, त्यांच्या टर्बो ४०० ला स्विच-पिच कधी मिळालाच नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते कारखान्याने हाती आलेले उत्तर वापरून पूर्ण होण्याआधीच टाकून दिले. आजही काही जण भंगारातून १९६५ ते १९६७चे हे गिअरबॉक्स शोधतात. मात्र पंप आणि इनपुट शाफ्ट वेगळे असल्यामुळे नुसता कन्व्हर्टर आणून भागत नाही.

कारखान्याने सोडलेली जागा सुट्या भागांच्या व्यापाऱ्यांनी घेतली, आणि त्यांच्यासोबत ‘स्टॉल स्पीड’ हा आकडा आला. खोक्यावर २,८०० असे छापलेले असते, आणि ग्राहक त्याला टायरच्या मापासारखा त्या वस्तूचा पक्का गुण समजतो. तसा तो नाही. टर्बाइन (कन्व्हर्टरमधला गिअरबॉक्सकडचा भाग) पूर्ण अडवून इंजिनाला पूर्ण रेस दिली तर फेरे ज्या आकड्यावर अडकतात, तो स्टॉल. आणि तो इंजिनाच्या टॉर्कवर अवलंबून असतो. कन्व्हर्टरचा स्वतःचा गुण म्हणजे फेरे भागिले टॉर्कचे वर्गमूळ. जो कन्व्हर्टर ४७५ न्यूटन-मीटर देणाऱ्या इंजिनामागे २,८०० ला अडतो, तोच ६१० न्यूटन-मीटरच्या इंजिनामागे जवळपास ३,१७५ ला अडेल. खोक्यावरचा आकडा कोणत्या इंजिनावर काढला, हे खोक्यावर क्वचितच लिहिलेले असते.

त्यातही मोजण्याच्या तऱ्हा तीन. ट्रान्सब्रेकने गिअरबॉक्स आतून जखडून घेतलेला आकडा एक. पायाने ब्रेक दाबून घेतलेला दुसरा, ज्यात टर्बाइन पूर्ण अडण्याआधी मागची चाके फिरू लागतात आणि आकडा कमी भरतो. आणि उभ्या गाडीला एकदम पूर्ण थ्रॉटल देऊन काटा क्षणभर कुठे उसळतो ते पाहून घेतलेला, ‘फ्लॅश स्टॉल’ म्हणून ओळखला जाणारा तिसरा. एकाच गाडीत हे तिन्ही आकडे वेगवेगळे येतात, आणि चर्चेत मात्र तिन्हींना स्टॉलच म्हटले जाते. कन्व्हर्टर ‘छापल्याइतका चढत नाही’ या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा येथेच सापडते. मोठ्या कॅमने गुंता आणखी वाढतो. कॅममुळे २,५०० आरपीएमच्या आसपासचा टॉर्क पूर्वीपेक्षा घटतो, म्हणून जुन्या इंजिनावर त्या पट्ट्यात अडणारा कन्व्हर्टर नव्या कॅममागे आणखी खाली अडतो. चढलेला स्टॉल हवा असतो नेमका तेव्हाच तो उतरतो. म्हणूनच जाणता कन्व्हर्टर बांधणारा ग्राहकाने मागितलेला आकडा बाजूला ठेवून आधी कॅमचे कार्ड (त्याच्या मापांचा कागद), गाडीचे वजन, मागच्या अ‍ॅक्सलचे गुणोत्तर आणि टायरची उंची विचारतो.

१९७०चे दशक थोडक्यात उरकता येते, कारण त्यात या विषयाची पीछेहाटच झाली. १९७१ मध्ये अनेक इंजिनांचे कॉम्प्रेशन उतरले, १९७२ पासून अश्वशक्ती नेट पद्धतीने (इंजिनाला गाडीतले सर्व जोडसामान लावून मोजून) छापली जाऊ लागली, १९७३ मध्ये तेलाची टंचाई आली आणि १९७५ मध्ये सरासरी इंधनवापराचा कायदा झाला. कन्व्हर्टर घट्ट झाले, अ‍ॅक्सल उंच झाले. १९७८च्या मॉडेलपासून टॉर्कफ्लाइटमध्ये लॉक-अप क्लच आला, जो महामार्गावर कन्व्हर्टरची घसरण संपूर्ण थांबवतो. हौशी लोकांनी त्याला अॅव्हरेजसाठी केलेली खटपट म्हणून नाक मुरडले.

पुढे हाच लॉक-अप त्यांच्या उपयोगी पडला. १९८२ मध्ये आलेल्या ७००आर४ गिअरबॉक्सला ०.७० गुणोत्तराचा चौथा गिअर होता. अशा गिअरमध्ये महामार्गावर इंजिन १,८०० ते २,००० आरपीएमला चालते, आणि कन्व्हर्टर २,८०० चा असेल तर तो सतत घसरत राहून तेल तापवतो. तेल तापले की क्लचच्या चकत्या जळायला वेळ लागत नाही. लॉक-अपमुळे ही अडचण मिटली, आणि ढिला कन्व्हर्टर शर्यतीच्या पट्टीवरून रोजच्या वापरात आला. याच सुमारास कॅमचीही बाजू बदलत होती : १९८५च्या मस्टँग जीटीमध्ये आणि १९८७ पासून शेव्हरोलेच्या लहान व्ही-८ मध्ये हायड्रॉलिक रोलर टॅपेट (टोकाला चाक असलेले) आले. त्यांच्यामुळे कमी ड्युरेशनमध्ये जास्त लिफ्ट मिळू लागली, म्हणजे तोच जोर कमी ओव्हरलॅपमध्ये. चपट्या टॅपेटची जुनी इंजिने मागे पडण्याचे दुसरे कारण तेलात होते. २००४ नंतरच्या तेलांत फॉस्फरसची मर्यादा खाली आली, झिंकयुक्त संरक्षक घटक घटला, आणि नवे कॅम पहिल्या वीस मिनिटांतच झिजल्याच्या तक्रारी वाढल्या.

१९९७ च्या कॉर्व्हेटमधील आणि १९९८ च्या कॅमॅरोतील एलएस१ इंजिन व ४एल६०-ई गिअरबॉक्स ही जोडी आली, तेव्हा मॉड्युलेटरच्या डबीचे काम संगणकाकडे गेलेले होते. तेलाचा दाब, गिअर बदलण्याचे फेरे, लॉक-अप लागण्याचा वेग या सर्व गोष्टी आता लॅपटॉपवर बदलता येऊ लागल्या. परंतु कारखान्यांनी जुनी वाटणी नव्या रूपात परत आणली. २०१० च्या कॅमॅरो एसएसमध्ये मॅन्युअलला ४२६ अश्वशक्तीचे एलएस३ आणि ऑटोमॅटिकला ४०० अश्वशक्तीचे एल९९ दिले गेले. एल९९ मध्ये चार सिलिंडर बंद ठेवण्याची यंत्रणा आणि कॅमचा कोन बदलणारा फेझर होता. २००९ च्या चॅलेंजर आर/टीमध्येही सिलिंडर बंद ठेवण्याची सोय ऑटोमॅटिकलाच होती. तिथे अश्वशक्ती ३७२, मॅन्युअलला ३७६. अशा गाडीत मोठा कॅम बसवणाऱ्याला सिलिंडर बंद ठेवणारे खास टॅपेट काढावे लागतात आणि व्हॉल्व्ह पिस्टनला लागू नये म्हणून फेझरची हालचाल मर्यादित करावी लागते. १९६०च्या दशकात ऑटोमॅटिकवाल्याला बेताचा कॅम मिळे. २०१०च्या सुमारास बेताच्या कॅमवर आणखी यंत्रणा लादलेली मिळू लागली, आणि ती उतरवण्याचा खर्च वेगळा.

अमेरिकेत प्रदूषण नियंत्रणाच्या यंत्रणेत फेरफार करण्यावर केंद्रीय कायद्याने बंदी आहे आणि कॅलिफोर्नियात रस्त्यावरच्या गाडीसाठी सुट्या भागाला स्वतंत्र मंजुरी लागते. मोठ्या ओव्हरलॅपमुळे न जळालेले हायड्रोकार्बन वाढतात, त्यामुळे नव्या गाड्यांत कॅमची निवड या मर्यादेतही बसवावी लागते.

२०१५ पासून चॅलेंजर आणि चार्जरच्या व्ही-८ ऑटोमॅटिकमध्ये आठ गिअरचा गिअरबॉक्स आला. त्याच्या पहिल्या गिअरचे गुणोत्तर ४.७१ आहे, टर्बो ४०० चे २.४८ होते. मागचा अ‍ॅक्सल सारखाच धरला, तर पहिल्या गिअरमध्ये चाकांपर्यंत सुमारे १.९ पट टॉर्क पोचतो, आणि जुना कन्व्हर्टर पूर्ण अडलेल्या स्थितीत साधारण दुप्पट टॉर्कवाढ देत असे. त्यामुळे या गाड्यांत कॅम बदलणारे अनेक जण पैसे आधी प्रोग्रॅमिंगवर घालतात आणि कन्व्हर्टर नंतरच्या खर्चात धरतात. टर्बो ४०० च्या गाडीत मात्र कॅमच्या कार्डासोबत कन्व्हर्टरची ऑर्डर त्याच दिवशी द्यावी लागते.