स्टिलिको (रोमन सेनापती)

फ्लावियस स्टिलिको (जन्म इ.स. ३५९ च्या सुमारास, मृत्यू २२ ऑगस्ट ४०८) हा पश्चिम रोमन साम्राज्याचा सरसेनापती. ३९५ पासून मरेपर्यंत गादीवर नाव होनोरियसचं होतं पण कारभार सगळा ह्याच्या हातात होता. त्याला मारलं आणि त्यानंतर दोनच वर्षांत रोम शहर लुटलं गेलं, त्यामुळे रोमच्या पडझडीचा विषय निघाला की स्टिलिकोला वगळून बोलताच येत नाही.

बाप व्हँडल ह्या जर्मानिक जमातीचा, सम्राट व्हॅलेन्सच्या घोडदळात अधिकारी, आई रोमन. म्हणजे तो जन्मापासून रोमन साम्राज्यातच वाढलेला, रोमन सैन्यातच मोठा झालेला, पण शत्रूंनी शेवटपर्यंत त्याला अर्धा रानटी म्हणूनच हिणवलं. तरुण वयातच त्याला राजदूत म्हणून इराणच्या दरबारी पाठवलं होतं, त्यानंतर सम्राट थिओडोसियसनं आपली पुतणी सेरेना, जिला त्यानं मुलीसारखं वाढवलं होतं, तिचं लग्न ह्याच्याशी लावून दिलं. त्यांना मारिया, थर्मान्शिया ह्या दोन मुली आणि युखेरियस हा मुलगा.

३९४ च्या सप्टेंबरमध्ये फ्रिजिडस नदीकाठी थिओडोसियसनं बंडखोर युजीनियसला हरवलं, त्या लढाईत स्टिलिको होता आणि गॉथ ह्या जर्मानिक जमातीचा सरदार अलारिकसुद्धा थिओडोसियसच्याच बाजूनं होता. गॉथांना पुढच्या फळीत ठेवल्यामुळे त्यांची हजारो माणसं मेली, अलारिकचा राग तिथूनच सुरू झाला असं मानतात. पुढच्याच जानेवारीत थिओडोसियस मिलानमध्ये वारला आणि साम्राज्याचे दोन भाग झाले, पूर्वेला थोरला आर्केडियस आणि पश्चिमेला होनोरियस, तोही अवघा १० वर्षांचा. मरताना सम्राटानं दोन्ही मुलं माझ्या ओटीत घातली असं स्टिलिको सांगायचा, पण कॉन्स्टँटिनोपलच्या, म्हणजे पूर्वेच्या राजधानीतल्या, दरबाराला हे कधीच मान्य झालं नाही.

स्टिलिकोची खरी चूक इथे आहे असं मला वाटतं. पूर्वेवरचा हक्क त्यानं सोडायला हवा होता, तो त्यानं सोडला नाही. ३९५ मध्ये तो अलारिकच्या मागे ग्रीसच्या उत्तरेला गेला, तिथे आर्केडियसचा हुकूम आला की आमचं सैन्य परत पाठव, ह्यानं निमूटपणे पाठवलं, आणि त्याच सैन्यानं राजधानीबाहेर पूर्वेचा मुख्य कारभारी रुफिनस ह्याला सम्राटासमोर कापून काढलं. ३९७ मध्ये हा परत ग्रीसमध्ये उतरला, अलारिक निसटला, आणि रुफिनसच्या जागी आलेल्या युट्रोपियसनं स्टिलिकोला चक्क राष्ट्राचा शत्रू जाहीर करून टाकलं. त्याच सुमारास आफ्रिकेतला रोमन सेनापती गिल्डो ह्यानं पूर्वेची बाजू घेऊन रोमचं धान्य अडवलं, रोमचं पोट आफ्रिकेच्या गव्हावर चालायचं त्यामुळे ही गंभीर गोष्ट होती, पण स्टिलिकोनं गिल्डोच्या सख्ख्या भावालाच त्याच्यावर पाठवून ३९८ मध्ये ते बंड मोडलं. त्याच वर्षी मारियाचं लग्न होनोरियसशी झालं आणि सेनापती सम्राटाचा सासरा बनला. ४०० मध्ये तो कॉन्सल, म्हणजे रोममधल्या सर्वांत मानाच्या पदावर, झाला. दरबारी कवी क्लॉडियन त्याच्यावर लांबच लांब स्तुतिकाव्यं लिहायचा, ह्या काळाची बरीच माहिती आपल्याला त्यातूनच मिळते, अर्थात पगारी कौतुक म्हणून ती जपूनच वाचावी लागते.

४०१ मध्ये अलारिक थेट इटलीत घुसला आणि होनोरियस मिलानमध्ये अडकला. स्टिलिकोनं ऱ्हाईनवरून, ब्रिटनमधून सैन्य ओढून आणलं, ४०२ च्या ईस्टरला पोलेन्शियाला अलारिकवर हल्ला केला, त्याच्या घरची माणसं पकडली, मग वेरोनाजवळ परत हरवलं. पण त्याला संपवलं नाही, आणि हाच आरोप पुढे त्याच्या मानगुटीवर बसला. माझ्या मते त्याला अलारिक जिवंतच हवा होता. रोमन सैनिक मिळेनासे झाले होते, जमीनदार आपली माणसं भरतीला द्यायला तयार नव्हते, मग लढवय्ये आणायचे कुठून तर गॉथांकडूनच. राडागायसस हा दुसरा गॉथ म्होरक्या इटलीत घुसला त्या वेळी तेच दिसलं, ४०६ मध्ये फ्लॉरेन्सजवळ फिएसोलेच्या डोंगरात त्याच्या प्रचंड टोळीला उपाशी ठेवून स्टिलिकोनं शरण आणलं, म्होरक्याला मारलं आणि त्याच्याच निवडक १२,००० योद्ध्यांना रोमन सैन्यात घेतलं.

त्यानंतर मात्र सगळं एकदम बिघडत गेलं. ४०६ च्या शेवटच्या दिवशी व्हँडल, अलान आणि सुएबी ह्या टोळ्या ऱ्हाईन ओलांडून गॉलमध्ये (साधारण आजचा फ्रान्स) शिरल्या. ब्रिटनमधल्या सैन्यानं कॉन्स्टँटाइन नावाच्या माणसाला सम्राट करून टाकलं आणि तोही गॉलमध्ये उतरला. स्टिलिकोनं इलिरिकमचा (बाल्कन भागातला प्रांत) पूर्व साम्राज्याकडे असलेला प्रदेश मिळवण्यासाठी अलारिकशी जमवून घेतलं होतं, तो बेत गुंडाळावा लागला, आणि तिष्ठत बसलेल्या अलारिकनं ४०८ मध्ये खर्चाचे ४,००० पौंड सोनं मागितलं (आजच्या हिशोबानं साधारण १,३०० किलो). सीनेटमध्ये बहुतेक जण युद्ध करू म्हणत होते, स्टिलिकोच्या धाकानं पैसे मंजूर झाले, तेव्हा लँपेडियस नावाचा सीनेटर भर सभेत म्हणाला की हा तह नाही, हा गुलामीचा करार आहे, आणि बोलून झाल्यावर घाबरून चर्चमध्ये जाऊन लपला.

मे महिन्यात आर्केडियस वारला. त्याचा मुलगा सात वर्षांचा. पूर्वेकडे जाऊन घडी बसवायची असं स्टिलिकोनं ठरवलं, आणि इथेच ओलिम्पियस ह्या दरबाऱ्याला संधी मिळाली, त्यानं होनोरियसचे कान भरले की हा स्वतःच्या पोराला तिकडे गादीवर बसवायला निघालाय. १३ ऑगस्टला टिकिनममध्ये (आजचं पाविया) सैन्यानं सम्राटादेखत स्टिलिकोच्या माणसांची कत्तल केली. स्टिलिको तेव्हा बोनोनियात, म्हणजे बोलोन्यात, हाताशी परकी फौज, सगळे सरदार म्हणत होते चला आत्ता, पण सम्राट सुखरूप आहे हे कळल्यावर रोमन सैन्यावर रानट्यांना सोडायचं नाही असं त्यानं ठरवलं. त्यावर चिडलेल्या सारस नावाच्या गॉथ सरदारानं रात्री त्याच्या हूण अंगरक्षकांना झोपेत मारलं. स्टिलिको तिथून रावेन्नाला निघाला, आणि जाताना वाटेतल्या गावांना सांगत गेला की परकी सैनिकांना आत घेऊ नका. ज्यांच्या जोरावर तो वाचू शकला असता त्यांच्याचपासून तो रोमला जपत होता, ह्याची मला राहून राहून कमाल वाटते.

रावेन्नात तो चर्चमध्ये आश्रयाला गेला. सकाळी सैनिकांनी बिशपसमोर शपथ घेतली की आम्हाला फक्त अटकेची ऑर्डर आहे, तो बाहेर आल्याबरोबर दुसरं पत्र काढलं, मृत्युदंडाचं. त्याची माणसं सोडवायला धावली तर त्यानंच त्यांना दम देऊन थांबवलं आणि मान पुढे केली. वार करणाऱ्या हेराक्लियनला बक्षीस म्हणून आफ्रिकेची सुभेदारी मिळाली, पुढे ४१३ मध्ये त्यानंच होनोरियसविरुद्ध बंड केलं.

थर्मान्शिया, जिच्याशी मारियाच्या मृत्यूनंतर होनोरियसनं लग्न केलं होतं, तिला माहेरी पाठवून दिलं. युखेरियसला मारलं. मग शहराशहरांत रोमन सैनिकांनी परक्या शिपायांच्या बायकापोरांना ठार केलं, आणि साहजिकच ते शिपाई, इतिहासकार झोसिमस ३०,००० चा आकडा देतो, उठून अलारिकला मिळाले. अलारिकनं त्याच वर्षी रोमला वेढा घातला. सेरेना शत्रूला फितूर असेल म्हणून सीनेटनं तिला गळा आवळून मारलं, त्यानं वेढा काही उठला नाही. शेवटी ५,००० पौंड सोनं, ३०,००० पौंड चांदी, रेशमी अंगरखे आणि ३,००० पौंड मिरी देऊन सुटका करून घेतली (मिरी म्हणजे आपल्या मलबार किनाऱ्यावरून जहाजानं गेलेला माल). ४,००० पौंडाला गुलामी म्हणणाऱ्यांनी हे दिलं. २४ ऑगस्ट ४१० ला अलारिक रोममध्ये शिरलाच.

रोमच्या फोरममध्ये (शहराचा मुख्य चौक) विजयानिमित्त कोरलेल्या एका लेखातून स्टिलिकोचं नाव खरवडून काढलेलं आजही दिसतं. मॉन्झाच्या कॅथेड्रलमधली हस्तिदंती जोडपट्टी, दाढीवाला सेनापती ढाल-भाला घेऊन, शेजारी बायको आणि मुलगा, ही त्याच्याच कुटुंबाची मानली जाते. संत जेरोमनं त्याला अर्धरानटी गद्दार म्हटलं, ओरोसियस ह्या ख्रिस्ती इतिहासकारानं तर व्हँडल वगैरे टोळ्या त्यानंच बोलावल्या, मुलाला सम्राट करायला, असं लिहून ठेवलं. हा आरोप मला अजिबात पटत नाही. स्टिलिकोबद्दल सगळीकडे चांगलं न लिहिणारा झोसिमससुद्धा सांगतो की इतकी सत्ता हातात असून त्यानं आपल्या मुलाला सचिवालयातल्या एका साध्या पदाच्या वर कधी नेलं नाही.