हायवेट-कॉग: ऐंशीच्या पुढचं बीपी आणि डिमेन्शिया

ऐंशी किंवा त्याहून जास्त वयाच्या माणसांना बीपीच्या गोळ्या चालू केल्या तर डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, टळतो का, हे बघणारा अभ्यास म्हणजे हायवेट-कॉग. हायवेट या मोठ्या औषधचाचणीचाच तो एक भाग. हे काम रूथ पीटर्स यांनी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधून केलं आणि 2008 मध्ये ते लॅन्सेट न्यूरॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पीटर्स पुढे सिडनीला गेल्या पण हा विषय त्यांनी सोडला नाही, आणि खरं उत्तर मिळालं ते त्या चिकाटीमुळेच.

त्या काळी इतक्या वयस्कर माणसाचं बीपी उतरवावं की नाही यावरच डॉक्टरांचं एकमत नव्हतं. वयात शंभर मिळवा, तेवढं वरचं बीपी चालतं असा जुना हिशोब, वर पुन्हा बीपी उतरवलं तर मेंदूला रक्त कमी पडेल ही धास्ती. स्वीडनमधे संशोधक इंगमार स्कूग यांनी 1996 मध्ये दाखवलं होतं की 79 ते 85 या वयात ज्यांना डिमेन्शिया झाला त्यांचं सत्तरीत वरचं बीपी सरासरी 178 होतं, बाकीच्यांचं 164, पण आजार दिसायच्या आधीच्या वर्षांत तेच बीपी खाली आलेलं असायचं. म्हणजे पेशंटचं आजचं बीपी बघून कोणीही कमी बीपीमुळेच डिमेन्शिया होतो असा उलटा अर्थ काढेल, म्हणूनच चाचणी करणं भाग होतं.

हायवेटमध्ये 3,845 जण होते, वरचं बीपी 160 किंवा जास्त. अर्ध्यांना इंडापामाइड आणि लागलं तर जोडीला पेरिंडोप्रिल, अर्ध्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. टार्गेट 150/80, म्हणजे फार कडक नव्हतंच. यातल्या 3,336 जणांची स्मरणशक्ती दरवर्षी तपासली. ही तपासणी 30 मार्कांची: आज तारीख काय, आपण कुठे आहोत, तीन शब्द ऐकून थोड्या वेळाने परत सांगा, शंभरातून सात-सात वजा करत जा, एकमेकांवर चढलेले दोन पंचकोन बघून काढा. मार्क 24 च्या खाली गेले किंवा वर्षात तीनने घसरले की पुढची सविस्तर तपासणी, मग तज्ज्ञांचा निर्णय.

आणि 2007 मध्ये चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली, कारण गोळी घेणाऱ्यांत मृत्यू 21 टक्क्यांनी कमी झाले होते आणि बाकीच्यांना औषधाविना ठेवणं योग्य नव्हतं. निर्णय बरोबरच होता, त्याबद्दल वादच नाही, पण डिमेन्शिया हळूहळू येणारा आजार आणि या लोकांवर लक्ष राहिलं सरासरी फक्त 2.2 वर्षं! एकूण 263 जणांना डिमेन्शिया झाला, हजार माणसांमागे वर्षाला गोळीवाल्यांत 33 आणि दुसऱ्या गटात 38. धोका 14 टक्के कमी दिसला खरा, पण इतक्या थोड्या आकड्यांवर तो योगायोगही असू शकत होता आणि पीटर्स यांनी तसं स्पष्ट लिहिलं.

मग त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पाच चाचण्यांचा मूळ डेटा, म्हणजे एकेका पेशंटची नोंद, एकत्र केला: हायवेट, सिस्ट-युर, शेप, प्रोग्रेस आणि अॅडव्हान्स. 20 देशांतले 28,008 लोक, सरासरी वय 69, डिमेन्शिया 861 जणांना. 2022 मध्ये युरोपियन हार्ट जर्नलमध्ये निकाल आला, बीपी सरासरी 10/4 ने उतरलं तर डिमेन्शियाची शक्यता 13 टक्क्यांनी कमी, आणि यावेळी आकडा योगायोगाच्या पलीकडचा होता. चौदा वर्षांपूर्वीच्या अर्धवट उत्तराच्या इतकं जवळ हे उत्तर आलं, मला या सगळ्या कामात हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. वय किंवा स्त्री-पुरुष यानेही फरक पडला नाही.

नंतर 2025 मध्ये चीनच्या 326 गावांतल्या जवळपास 34,000 लोकांवरचा अभ्यास आला, तिथे गावातल्याच डॉक्टरांनी बीपी कडक सांभाळलं आणि डिमेन्शिया 15 टक्क्यांनी कमी झाला.

एक मात्र लक्षात ठेवायला हवं, हायवेटमध्ये आधीच डिमेन्शिया असलेले किंवा नर्सिंगची गरज असलेले लोक घेतलेच नव्हते. त्यामुळे अंथरुणाला खिळलेल्या, उभं राहिलं की चक्कर येऊन पडणाऱ्या आजोबांना किती गोळी द्यायची हे या आकड्यांवरून ठरत नाही, तिथे डॉक्टर पेशंट बघूनच ठरवतात.