जर्मनीत मास्टर्ससाठी अर्ज : आधी एपीएस, मग बाकीचं

जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांत हिवाळी सत्राची सर्वसाधारण मुदत 15 जुलै आणि उन्हाळी सत्राची 15 जानेवारी. इंग्रजी माध्यमाच्या बऱ्याच अभ्यासक्रमांची मुदत मात्र त्याआधीच संपते, तेव्हा प्रत्येकाची तारीख स्वतंत्र पाहावी. ऑक्टोबरात तिकडे वर्गात बसायचं असेल तर आदल्या वर्षीच्या दिवाळीनंतर हालचाल सुरू हवी, आणि तीही एपीएसपासून.

भारतीय पदव्या आणि गुणपत्रिका अस्सल आहेत का, हे तपासणारं एपीएस हे दिल्लीतलं कार्यालय. 1 नोव्हेंबर 2022 पासून, मोजके अपवाद सोडले तर, त्याच्या प्रमाणपत्राशिवाय विद्यार्थी व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही. अनेक विद्यापीठं ते प्रवेश अर्जासोबतच मागतात. शुल्क 18,000 रुपये, परत न मिळणारं. पासपोर्ट, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र लागतं. एटीकेटी लागलेल्या सत्राचे कागद वगळू नयेत. गाळलेलं सत्र लगेच नजरेत भरतं.

महाराष्ट्रातल्या मुलांची गाडी हमखास अडते ती नावावर. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं आणि वडिलांचं नाव, आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर आडनावाचा रकानाच निराळा, आणि वडिलांचं नाव कुणाच्या असतं, कुणाच्या नसतं. सगळीकडे अर्ज भरताना पासपोर्टवरचंच नाव अक्षरशः तसंच लिहावं. नुसता क्रम वेगळा असेल तर सहसा निभावतं. स्पेलिंग वेगळं असेल तर मूळ कागद आधी दुरुस्त करून घ्यावा. विद्यापीठातल्या अशा दुरुस्तीला वेळ लागतो.

आता गुण. जर्मन श्रेणीत 1 सर्वोत्तम आणि 4 म्हणजे काठावर पास. रूपांतराचं सूत्र असं : कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकानं भागा, 3 नं गुणा आणि 1 मिळवा. सीजीपीए 10 पैकी 8.2 आणि किमान उत्तीर्ण 4 असेल तर उत्तर येतं 1.9. किमान 5 धरलं तर तेच गुण 2.08 होतात. म्हणून उत्तीर्णतेची किमान श्रेणी छापलेली ट्रान्स्क्रिप्ट विद्यापीठाकडून घ्यावीच. अनेक अभ्यासक्रमांची अट 2.5 किंवा त्याहून चांगल्या श्रेणीची असते.

गुण उत्तम असूनही नकार येतो तो बहुधा विषयांमुळे. मेकॅनिकलवाला डेटा सायन्सला अर्ज करतो, पण गणित आणि प्रोग्रामिंगची क्रेडिट्स पुरत नाहीत. तिथे मोटिव्हेशन लेटर कितीही सुरेख असून उपयोग नाही. अभ्यासक्रमाच्या पात्रतेच्या पानावरची क्रेडिट्स आपल्या सिलॅबसशी ओळीनं ताडून पाहावीत. बीएस्सी, बीकॉमसारखी तीन वर्षांची पदवी असेल तर ती चालते का, हे त्या विद्यापीठालाच ईमेलनं विचारावं.

इंग्रजीसाठी आयईएलटीएस 6.5 बहुतेक ठिकाणी पुरतं. निकाल दोन वर्षं चालतो.

अर्ज काही ठिकाणी थेट विद्यापीठाच्या पोर्टलवर, काही ठिकाणी युनि-असिस्टमार्फत, म्हणजे अनेक विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत होतो. युनि-असिस्टचं शुल्क एका सत्रासाठी पहिल्या अर्जाला 75 युरो, पुढच्या प्रत्येकाला 30. पैसे पोचेपर्यंत अर्ज उघडला जात नाही आणि तपासणीला चार ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात भरलेल्या अर्जात एखादा कागद कमी निघाला तर तो मुदतीत पुरा करणं अवघड.

बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, फक्त सत्राची वर्गणी असते. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला 1,500 युरो पडतात. स्टुटगार्ट, कार्ल्सरुहे, हायडेलबेर्ग त्यातच येतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही शुल्क सुरू केलं आहे.

प्रवेशपत्र आलं की ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे तिथल्या राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं. सप्टेंबर 2024 पासूनच्या नियमानं त्यात वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात; तिथे गेल्यावर ते महिन्याला 992 असे हाती येतात. मधल्या बँकांचं कमिशन कापलं जाऊन रक्कम थोडी कमी पोचते आणि खातं अपुरं दिसतं. पन्नासेक युरो जास्त पाठवावेत. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या रहिवाशांचे व्हिसा अर्ज मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतात. उन्हाळ्यात तिथे गर्दी असते, म्हणून प्रवेशपत्राची वाट पाहतानाच बाकीची फाइल लावून ठेवावी.