चार्ज की ब्लॉक? शॅकवरून भांडण्याआधी

अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधला जुना धिप्पाड खेळाडू शॅकील ओनील, म्हणजे शॅक, याचा विषय निघाला की चहा संपायच्या आत कोणीतरी म्हणतंच, "तो कसला ग्रेट? नुसता अंगावर जायचा. नियमाने बघितलं तर दर खेपेला चार्ज." लगेच दुसरा उसळतो, "उलट त्यालाच सगळ्यांनी बदडलाय. निम्म्या वेळा शिटीच वाजली नाही." मग मोबाइल निघतो, तीच ती जुनी क्लिप लागते आणि दोघंही एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. एक म्हणतो, "बघ, डिफेंडर उभा होता!" दुसरा म्हणतो, "डोळे फुटलेत का, हलत होता तो!"

दोघांचंही चुकतंय. डिफेंडर उभा होता की हलत होता, यावर चार्ज आणि ब्लॉक ठरतच नाही. मी शाळा-क्लबच्या सामन्यांत शिटी घेऊन पळतो. हे "उभा होता" मला बाकावरून, पालकांकडून, कोचकडून आणि एकदा तर स्कोअर लिहिणाऱ्या पोराकडूनही ऐकून घ्यावं लागलंय. एनबीए बघणारी मंडळीही तेच घोकतात, म्हणून हा खटाटोप.

चार्ज म्हणजे काय ते सांगत बसत नाही. चेंडूवाला सुसाट आला, रीतसर जागा धरलेल्याच्या छातीवर आदळला, फाउल चेंडूवाल्याचा, चेंडू समोरच्या संघाला. ब्लॉक म्हणजे तशीच धडक, पण दोष वाट अडवणाऱ्याचा. (शॉट अडवतात त्यालाही ब्लॉकच म्हणतात, पण त्याचा इथे काही संबंध नाही. या एका शब्दावरून घोटाळा करणारे भेटतात. त्यांना लांबूनच नमस्कार.) खुणा वेगळ्या आहेत. ब्लॉकला रेफरी दोन्ही हात कमरेवर ठेवतो, नळावरच्या भांडणात ठेवतात तसे. चार्जला आपल्याकडे, म्हणजे फिबा या जागतिक बास्केटबॉल संघटनेच्या नियमांत, मूठ तळहातावर आपटतात आणि एनबीएत एक हात डोक्यामागे नेतात. हे पाच मिनिटांत पाठ होतं.

आता खरी गाठ. रेफरी स्वतःला विचारतो तो प्रश्न असा: ती जागा आधी कोणाची झाली? डिफेंडरने चेंडूवाल्याकडे तोंड केलं, दोन्ही पाय जमिनीला लागले, धड त्याच्या वाटेत आलं, की जागा त्याची. एकदा जागा मिळाली की त्याने पुतळा होऊन राहावं असं नियम कुठेच म्हणत नाही. तो मागे सरकू शकतो, बाजूला सरकू शकतो, सरळ वर उडी मारू शकतो, मार वाचवायला अंग वळवू शकतो. सरकताना क्षणभर त्याचे पाय जमिनीवरून सुटले तरी चालतं. फक्त त्याने पुढे, चेंडूवाल्याच्या अंगात घुसायचं नाही. म्हणजे मागे मागे सरकणाऱ्या डिफेंडरच्या छातीत चेंडूवाला घुसला तर डिफेंडर चांगला हलत होता, आणि तरीही तो चार्ज आहे.

आता उलटं बघा. एक जण धावत आला, रिंगखाली उभा राहिला, हात छातीशी घेतले, डोळे मिटले. धडक बसली तेव्हा तो देवळातल्या मूर्तीइतका स्थिर होता. पण चेंडूवाला त्याच्याआधीच हवेत गेला होता. हा ब्लॉक. हवेत गेलेल्या माणसाला ब्रेक नसतो. उडताना जी जागा मोकळी होती तिथे उतरायचा हक्क त्याचा.

सगळा खेळ मुदतीचा आहे. मुदत कधी संपते? फिबात चेंडूवाल्याचे पाय जमिनीवरून सुटले की संपते. एनबीएत ती पूर्वीपासूनच थोडी आधी संपायची, शॉटसाठी शरीर वर उचलायला सुरुवात झाली की. २०२३-२४ च्या हंगामापासून ती आणखी आधी आणली: उडी घेण्यासाठी चेंडूवाला जो पाय रोवतो, तो रोवायच्या आत डिफेंडर जागेवर हवा. ले-अपचा, म्हणजे धावत येऊन रिंगजवळून टाकायच्या शॉटचा, ताल आठवा. पाऊल, पाऊल, उडी. त्या दुसऱ्या पावलाचा बूट लाकडावर टेकतो, नेमका तो क्षण. तिथपर्यंत छाती वाटेत नसेल तर नंतर कितीही शहाण्यासारखे उभे राहा, उशीर झालेला आहे.

आणि छातीच हवी. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरता येते, कोर्टवर येत नाही. बाजूला काढलेला पाय, वाकवलेला गुडघा, आडवा धरलेला हात म्हणजे रुमाल. धड तिथे नसेल तर जागाही नाही. आमच्याकडच्या पोरांना हे सांगून सांगून थकलो. अजूनही ती छाती मागे ठेवतात, मांडी पुढे करतात आणि वर "सर, मी उभा होतो" म्हणतात.

चेंडू हातात असलेल्यालाही एक सबब चालत नाही: "मला थांबायला वेळच मिळाला नाही." ज्याच्याकडे चेंडू आहे त्याने कोणीही, केव्हाही समोर येईल हे धरूनच खेळायचं. वेळ आणि अंतर यांची सवलत बिनचेंडूच्या खेळाडूला; त्याच्या वाटेत येताना एखाद-दोन पावलांची जागा सोडावी लागते. रिंगखालचा अर्धगोलही बहुतेकांना माहीत असतो. एनबीएने तो १९९७-९८ पासून चार फुटांचा केला, फिबात तो २०१० मध्ये सव्वा मीटरचा आला. मदतीला धावून आलेल्या डिफेंडरने त्यात उभं राहून चार्ज मागायचा नाही. एवढं पुरे.

मग शॅक? इथेच लोकांची दुसरी गफलत होते. वर सांगितलेलं सगळं धावत येणाऱ्याबद्दल आहे. शॅकचं निम्मं आयुष्य रिंगकडे पाठ करून गेलं. (एनबीएत चेंडू तिथे, रिंगजवळ घेतला तर तो अर्धगोल लागूसुद्धा होत नाही.) तिथे कोणी कोणाच्या वाटेत येत नाही. दोघं आधीच एकमेकांना चिकटलेले असतात. अशा वेळी "डिफेंडर आधी आला का" हा प्रश्नच चुकीचा. प्रश्न असतो, कोणी कोणाला त्याच्या जागेवरून उखडलं?

२००१ ची फायनल काढून बघा, शॅकचा संघ लेकर्स विरुद्ध फिलाडेल्फिया. समोर डिकेम्बे मुटोंबो, शॅकपेक्षा किंचित उंचच, त्या वर्षीचा सर्वोत्तम डिफेंडर. शॅक चेंडू घेतो, बूड मागे लावतो, एक ड्रिबल, धप्प. मुटोंबो अर्धं पाऊल मागे. पुन्हा ड्रिबल, धप्प. मग खांदा फिरतो आणि मुटोंबो दोन हात वर करून मागे जातो. आता यात फाउल कुठे? बूड टेकवणं फाउल नाही. भार देणं फाउल नाही, कारण मुटोंबोही आपला हात शॅकच्या पाठीत रोवून तेवढाच भार देतोय आणि त्यालाही ते एका मर्यादेपर्यंत चालतं. पण जागा धरलेल्या माणसाला खांद्याने ढकलून हटवणं फाउल आहे, आणि वळताना कोपर उघडणं तर आहेच. शॅकच्या प्रत्येक सामन्यात हे दोन-तीनदा तरी सुटलं असं माझं मत आहे. तो १४७ किलोचा होता म्हणून धक्का मोठा दिसतो हे खरं. पण काही धक्के मोठे दिसत नव्हते, होते.

तिसरी शक्यता कोणाला सुचतच नाही: कोणाचाच फाउल नाही. डिफेंडरने सगळा भार शॅकच्या पाठीवर टाकलाय, शॅक गर्रकन वळून निघून गेला, मागचा भिंत काढल्यासारखा कोसळला. टेकू गेला म्हणून पडला तो. त्यात कोणाचं काय चुकलं? टीव्हीवर मात्र एक जण आडवा आणि एक जण डंक मारताना दिसतो आणि गल्लीतला प्रत्येक जण न्यायाधीश होतो.

पडणं हा पुरावा नाही, हे मी पाटी करून कोर्टवर लावायला तयार आहे. सॅक्रामेंटो किंग्सचा व्लादे दिवाच या कलेतला मोठा बुवा. शॅक श्वास सोडायचा आणि दिवाच उताणा. त्याचा राग नाही, रेफरी भुलत होते तर त्याने का पडू नये? एनबीएने २०१२-१३ पासून अशा नाटकाला दंड लावला आणि २०२३-२४ पासून सामन्यातच टेक्निकल फाउल, समोरच्याला एक फ्री थ्रो (रेषेवरून, कोणी न अडवता टाकायचा शॉट). वीस वर्षं आधी आलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या बाजूची तक्रारही खोटी नाही. बारीक गार्डच्या मनगटाला बोट लागलं तर चेंडू उडतो, म्हणून शिटी वाजते. शॅकच्या दोन्ही हातांवर दोघं लटकले तरी चेंडू रिंगपर्यंत जायचाच, म्हणून शिटी गिळली जायची. फाउल धक्क्यावर ठरायला हवा, धक्का खाणारा किती हलला यावर नव्हे. हे रेफरी म्हणून बोलतोय, आणि माझ्याकडूनही असं झालंय. नववीतला एक दांडगा मुलगा होता, त्याच्यावर होणारे फाउल मी पूर्ण हंगाम कमी दिले. त्याच्या आईने मला ते तोंडावर सांगितलं.

म्हणजे शॅक सुटलाही आणि शॅकला मारलंही. एकाच सामन्यात, कधी एकाच चढाईत. भांडणारे यातलं एकच निवडतात.

२००२ चा सॅक्रामेंटो किंग्सविरुद्धचा सहावा सामना लोक नेहमी पुढे करतात. चौथ्या क्वार्टरमध्ये लेकर्सना २७ फ्री थ्रो मिळाले, दिवाच आणि स्कॉट पोलार्ड दोघंही सहा-सहा फाउल होऊन बाहेर, शॅकचे ४१ गुण, लेकर्स १०६-१०२. त्या क्वार्टरची बाजू मीही घेणार नाही. पण तो रेफरींवरचा आरोप आहे, शॅकच्या खेळावरचा नव्हे. (गंमत म्हणजे पुढे २०१३ मध्ये शॅकने त्याच किंग्समध्ये भागीदारी घेतली. मुख्य मालक आपल्या मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे, आणि २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये एनबीएचे सामने खेळायला आला तोही हाच संघ.)

"हॅक-अ-शॅक" तर यात आणूच नका. तो चार्जही नाही आणि ब्लॉकही नाही, तो हिशेब आहे. शॅकचे फ्री थ्रो आयुष्यभरात ५२.७ टक्के पडले, म्हणून चेंडू लांब असतानाही त्याला मिठी मारायची आणि रेषेवर पाठवायचं. २००० च्या फायनलच्या दुसऱ्या सामन्यात इंडियानाने त्याला ३९ फ्री थ्रो घ्यायला लावले. त्याने १८ टाकले, एकूण ४० गुण केले आणि लेकर्स जिंकले. आपल्याकडे हे जमणारही नाही. फिबात चेंडूशी संबंध नसताना अशी मिठी मारली तर अनस्पोर्ट्समनलाइक, म्हणजे खिलाडूपणा सोडून केलेला फाउल, दोन फ्री थ्रो आणि वर चेंडूही त्यांनाच. एनबीएने २०१६ मध्ये जेमतेम एवढंच केलं, की सामन्याच्या शेवटच्या दोन मिनिटांचा नियम (अशा मिठीला एक फ्री थ्रो आणि वर चेंडूही) प्रत्येक क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांना लावला. मला फिबाचं बरं वाटतं.

राहिला मोठेपणा. सलग तीन फायनलचा सर्वोत्तम खेळाडू, २००० मध्ये १२१ पैकी १२० मतं घेऊन एमव्हीपी, म्हणजे हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू. यातला एकही आकडा चार्ज-ब्लॉकने हलत नाही. "नुसतं वजन" म्हणणाऱ्याला मी २००१ फायनलचा दुसरा सामना दाखवतो: २८ गुण, २० रिबाउंड, ९ असिस्ट आणि ८ ब्लॉक. इथे ब्लॉक म्हणजे शॉट अडवणं. नऊ असिस्ट, म्हणजे ज्यावर दुसऱ्याने बास्केट केली असे नऊ पास, वजनाने होत नाहीत. तीन जण अंगावर आले की चौथा कुठे मोकळा आहे ते त्याला पाठमोरं असूनही कळायचं.

परवा एका जुन्या मित्राला घेऊन बसलो. चार क्लिपा काढल्या, तो "उभा होता" म्हणाला की तिथेच थांबवायची. धावत येणाऱ्या दोन होत्या: पाऊल टेकलं तिथे थांबवलं, दोन्ही वेळा छाती अजून वाटेच्या बाहेर. दोन्ही ब्लॉक. तिसरीत पाठ होती, खांदा स्पष्ट दिसत होता, शॅकचा फाउल, दिला नाही. चौथीत डिफेंडर टेकू सुटून पडला, काहीच नाही. मित्राने चौथी तीनदा मागे-पुढे केली, मोबाइल उलटा ठेवला आणि म्हणाला, "ते सगळं ठीक आहे रे. पण १९९५ च्या फायनलला ह्यूस्टनच्या हकीमने त्याला चार-शून्य धुतला होता, त्याचं काय?"