कुपारुकच्या पाण्यातला थेंबभर फॉस्फरस

उत्तरेकडच्या थंड ओढ्यांत किडे कमी का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: थंडी. ते खोटं नाही. अलास्काच्या ग्लेशियर बे भागात हिमनदी मागे हटते तसे तिच्या पायथ्याशी नवे ओढे जन्माला येतात. ओढ्यांचे अभ्यासक अलेक्झांडर मिल्नर यांनी 1977 पासून तिथल्या वुल्फ पॉइंट क्रीकचा पाठपुरावा केला. पाणी दोन अंशांच्या आत असेपर्यंत डायमेसा जातीच्या, न चावणाऱ्या चिलटांच्या अळ्यांखेरीज तिथे फारसं कोणी टिकत नाही. पाणी जरा उबदार झालं, तळाचे गोटे जागेवर राहू लागले की बाकीचे येतात.

पण थंडीने सगळं उलगडत नाही. अन्नाचं काय?

हा प्रश्न अलास्काच्याच उत्तर टोकाला, टुंड्रात हाताळला गेला. तेलाच्या पाइपलाइनसाठी 1974 मध्ये तिथे रस्ता झाला, पाठोपाठ 1975 मध्ये टूलिक सरोवराकाठी संशोधन केंद्र उभं राहिलं. रस्ता नसता तर त्या ओसाड प्रदेशात दर उन्हाळ्यात सामान घेऊन कोण जाणार होतं? या रस्त्याखालून कुपारुक नदी जाते. ती वर्षातले सात-आठ महिने गोठलेली असते. पाणी नितळ, पण दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींमुळे चहाच्या रंगाकडे झुकणारं. अळ्या जगत त्या बऱ्याच अंशी काठावरून वाहून येणाऱ्या या कुजक्या मालावर. दगडांवर शेवाळ वाढायला उन्हाळ्यात चोवीस तास उजेड होता, मात्र वाढीला लागणारा फॉस्फरस जवळजवळ नव्हताच.

ब्रूस पीटरसन या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी 1983 च्या उन्हाळ्यात नदीला सलाइन लावावं तसं फॉस्फोरिक ॲसिड थेंबथेंब सोडायला सुरुवात केली. प्रमाण लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा लाखावा भाग. तेवढ्याने खालच्या अंगाचे दगड डायटमच्या, म्हणजे सूक्ष्म एकपेशीय शेवाळाच्या, थराने निसरडे झाले. ते खाणाऱ्या बीटिस या मेफ्लायच्या (पाण्यात वाढणाऱ्या एका नाजूक कीटकाच्या) अळ्या झपाट्याने वाढू लागल्या. ग्रेलिंग मासेही अंगाने भरले.

सगळ्यांचंच भलं झालं असं मात्र नाही. ब्लॅकफ्लाय या छोट्या काळ्या माशीच्या अळ्या घटल्या. त्या दगडाला शेपटाकडून चिकटून, डोक्यावरचे पंखे पसरून वाहत्या पाण्यातलं अन्न गाळतात. ब्रॅकिसेंट्रस ही कॅडिसफ्लाय या पतंगासारख्या कीटकाची अळी स्वतःभोवती नळी बांधून त्याच दगडांवर बसते आणि तिलाही तेच हवं असतं. ॲन हर्शी यांच्या अभ्यासात दिसलं की ही अळी शेजारच्या ब्लॅकफ्लायना हुसकून लावते. नदीत खाणं वाढलं, बसायची जागा तेवढीच राहिली. भांडण जागेवरून पेटलं.

अनुदान संपलं म्हणून चार वर्षांत प्रयोग गुंडाळला असता, तर ‘फॉस्फरस वाढला की डायटम वाढतं’ एवढंच हाती लागलं असतं आणि ते पाठ्यपुस्तकांत जाऊन बसलं असतं. सातआठ वर्षांनी चित्र पालटलं. आधी नजरेतही न भरणाऱ्या हायग्रोहिप्नम या मॉसने, म्हणजे झुबक्यांनी वाढणाऱ्या बुटक्या वनस्पतीने, तळ व्यापला. उघडे दगड झाकले गेले. झुबक्यांत दडून राहणाऱ्या इफेमेरेला मेफ्लायची आणि बऱ्याच चिलटांची चंगळ झाली. स्वतःच्या नळीवरचं डायटम चरणारी ऑर्थोक्लॅडियस रिव्ह्युलोरम ही चिलटाची अळी मात्र मागे पडली. खत तेच, प्रमाण तेच, पण आता तळावर कोण राहणार हे मॉस ठरवत होतं. प्रयोगातली खरी मोलाची गोष्ट मला हीच वाटते.

वाटेत एक जुनं कोडंही सुटलं. प्रवाहाबरोबर अळ्या सतत खाली वाहून जातात, तरी वरचा भाग रिकामा का होत नाही? प्रौढ कीटक उडून वर जाऊन अंडी घालत असावेत, असं स्वीडनच्या ओढ्यांवर काम करणाऱ्या कार्ल म्यूलर यांनी 1954 मध्ये सुचवलं होतं. कुपारुकमध्ये जड नायट्रोजनची (नेहमीच्या नायट्रोजनपासून वेगळा ओळखता येणाऱ्या त्याच्या रूपाची) खूण वापरून ते तपासलं, तेव्हा बीटिसपैकी एक-तृतीयांश ते निम्मे प्रौढ दीडएक किलोमीटरहून अधिक अंतर वर गेलेले आढळले.

पुढे थेंब सोडण्याची जागा खाली सरकवली, तेव्हा वरच्या टप्प्यातला जादा फॉस्फरस लवकरच वाहून गेला. मॉस तसा जाईना. तो टप्पा पूर्ववत व्हायला आठ वर्षं लागली. आज हे महत्त्वाचं आहे, कारण उत्तरेत कायम गोठलेली जमीन उन्हाळ्यात अधिकाधिक खोलवर विरघळते आहे आणि तिच्यात कोंडलेला फॉस्फरस ओढ्यांना मिळू शकतो. तिथे तो नळ बंद करायला कोणी नसेल.